मणिध्वज राजाचं काय झालं

हरिश्चंद्राच्या दशावतारी कंपनीला दरवर्षी एक नवं आख्यान मी देतो. लिहून देत नाही. दशावतारात संवाद लिहिलेले नसतातच. गोष्ट ठाऊक असली की नट उभ्या उभ्या बोलणं रचतो, म्हणून गोष्ट सांगणारा कुणीतरी लागतो. पुराणातली आख्यानं कंपनीत सगळ्यांना येतात, पण हल्ली लोकांना काल्पनिक खेळही हवे असतात, आणि हरिश्चंद्राच्या मते माझ्याकडे न झालेले राजे पुष्कळ आहेत.

मी जन्मभर आमच्या कट्टा गावच्या वाचनालयात पुस्तकं दिली आणि घेतली. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते. बँकेत पैसे काढायच्या चिठ्ठीवर काही चुकलं तर कारकुनाला विचारण्यापेक्षा मी घरी परत येतो. पण वर्षातल्या त्या एका दुपारी रंगायला जायच्या आधी एकेक नट माझ्यासमोर येऊन बसतो आणि मी न अडखळता बोलतो. एवढंच मला येतं. येत होतं म्हणायला हवं.

कंपनीच्या रीती हरिश्चंद्राच्या वडिलांपासूनच्या आहेत. आख्यान एकदाच सांगायचं, हंगामातल्या पहिल्या प्रयोगाच्या दुपारी. आधी सांगितलं तर नट पाठ करून येतात आणि बोलणं शिळं होतं. प्रत्येकानं आपलाच भाग ऐकायचा, कारण दुसऱ्याचा ऐकला की उत्तर आधीच तयार होतं. ऐकून झालं की उठून रंगायला जायचं. राणीला नेसायला आणि दागिने घालायला वेळ लागतो, म्हणून तिचा भाग आधी. मग राक्षस, आणि शेवटी राजा. तिसरी रीत मात्र फार कडक आहे. रंगमंचावर एकदा बोललेला शब्द दुसऱ्यानं मोडायचा नाही. राणी म्हणाली की मुलगा झाला, तर तो झाला. राजानं तो पुढे वाढवायचा.

अशा कंपनीत पूर्ण गोष्ट एकाच डोक्यात असते, आणि ते डोकं माझं.

दोन हजार आठच्या मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. समुद्र जवळ असला की उन्हाळ्याच्या शेवटी असं होतं. दोर ओढता ओढता मला आख्यान दिसलं. क्षारासुर नावाचा राक्षस एका राज्यातल्या सगळ्या विहिरी खारट करतो. राजा मणिध्वज गोड्या पाण्याच्या शोधात होडीतून निघतो आणि राणी तरंगावती मागे राहते. त्यापुढचंही सगळं दिसलं, शेवटासकट. एखाद्या टेकडीवरून खालचा गाव एकदम दिसावा तसं. मी कळशी काठावर ठेवून घरात आलो.

"जमला," मी म्हणालो.

"काय जमला?" पद्मावतीनं विचारलं. "पाणी खंय?"

लग्नाला इतकी वर्षं होऊनही ती माझ्याशी अशीच बोलते, आणि बहुतेक वेळा बरोबर बोलते.

जूनमध्ये यतीन, आमचा मुलगा, पुण्याहून आपला जुना संगणक घेऊन आला. टेलिफोन खात्याची ब्रॉडबँडची तार आमच्या वाडीपर्यंत आली होती. त्यानं ती घरात घेतली, मला कळफलक दाखवला आणि जाताना म्हणाला, "बाबा, आता सगळं जगच तुमचं वाचनालय."

मी त्याच्यापुढे बसलो तो आख्यानासाठीच. समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचा झरा वर येऊ शकतो का, एवढंच मला बघायचं होतं. येतो. काही देशांत होडीतून तिथे जाऊन पाणी भरून आणत, असंही कळलं. मला इतका आनंद झाला की पद्मावतीला हाक मारली. मग त्या मजकुरात एका बंदराचं नाव निळ्या अक्षरांत होतं, म्हणून ते उघडलं. त्यात मोत्यांच्या व्यापाराचा उल्लेख होता. मोत्यांवरून शिंपले, शिंपल्यांवरून चुना, चुन्यावरून जुने किल्ले. जेवायची हाक आली तेव्हा मी किल्ल्याच्या तटावर काय करत होतो ते मला सांगता आलं नसतं.

पहिले काही आठवडे मी याला अभ्यास म्हणत होतो. बाहेर पाऊस धो धो पडत होता, कुठे जायचं नव्हतं, आणि मला न बोलता, कुणाला न विचारता, जगातलं काहीही उघडून बघता येत होतं. माझ्यासारख्या माणसाला याहून काय हवं? वाचनालयात पुस्तक हवं असलं तर कपाटापर्यंत चालावं लागे आणि चालताना ते कशाला हवं आहे हे लक्षात राही. इथे हवं असण्याच्या आधीच ते उघडलेलं असे.

"त्या डब्यात काय पुरलेला आसा?" पद्मावती विचारी. "वाकान वाकान बघतास ता."

"आख्यानाचा काम चल्ला हा."

"मगे ओठ कित्याक हलणत नाय? दर वर्साक आख्यान करताना तुमचे ओठ हलतत. बाजूचा चेडू हसता तुमका."

ते खरं होतं, शेजारची मुलगी हसायचीच. मी गोष्ट पुटपुटत करतो. यंदा ओठ बंद होते आणि उजव्या हाताचं एक बोट हलत होतं.

भाद्रपदात मी एक जाडजूड पुस्तक काढलं, पूर्वी आवडीनं वाचलेलं. पहिल्या पानाच्या मध्यावर माझी नजर आपोआप खाली घसरली. मी परत वर आणली, ती पुन्हा घसरली. ती काहीतरी शोधत होती आणि काय शोधते आहे ते थोड्या वेळानं कळलं. पानावर कुठे निळी अक्षरं आहेत का, म्हणजे इथून निघता येईल. मी पुस्तक मिटलं. म्हातारपण असेल, असं स्वतःला सांगितलं. डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर तोच निघाला.

मग आख्यानाकडे वळलो. गोष्ट डोक्यात होतीच. पण सुरुवातीपासून निघालो की होडी समुद्रात जाईपर्यंत दुसरा एक शेवट सुचायचा. तो पहिल्यापेक्षा बरा वाटायचा. तो बघून येईपर्यंत तिसरा. मी एका शेवटातून दुसऱ्यात जात होतो आणि कुठलाच बंद करत नव्हतो. मला वाटलं, हे सुचणं आहे. इतकं मला पूर्वी कधी सुचलं नव्हतं. मी खूश होतो हे इथे नोंदवायला हवं, कारण पुढचं त्यामुळेच झालं.

कंपनीच्या हंगामाचा पहिला प्रयोग दरवर्षी वाचनालयाच्या वर्धापनदिनी होतो. दिवाळीनंतर, संध्याकाळी, वाचनालयासमोरच्या पटांगणात. दुपारी मागच्या खोलीत नट जमले. पेटाऱ्यातल्या गणपतीला अगरबत्ती लावून झाली. हरिश्चंद्रानं मला खुर्ची दिली आणि स्वतः जमिनीवर बसला.

"सांगा आबानू. राणीपासना."

गुरुदास गेली कित्येक वर्षं राणीची कामं करतो. दिवसा तो मच्छीमार सोसायटीत बर्फ फोडतो. अर्धी दाढी झालेला, गालाला साबण तसाच. "आबानू, औंदा माका रडवू नकात," तो म्हणाला. "गेल्या वर्साक इतको रडलंय की सगळो रंग गळ्यात इलो."

"औंदाय रडूचा आसा तुका."

"मेलंय! हरिश्चंद्राक सांगा, पावडर जास्ती देय म्हणान."

सगळे हसले. मग गुरुदास सोडून बाकीचे पटांगणात मंच लावायला गेले आणि मी सुरुवात केली. घसा कोरडा पडला नाही. राणीचा भाग मी मन लावून सांगितला. राजाची होडी बुडाल्याची बातमी येते. तरंगावती बांगड्या फोडते. ती विहिरीवर जाते, पाणी काढते, आणि ओंजळ तोंडाला लावते तो काय, पाणी गोड. राजा स्वतःच झरा होऊन परत आला आहे. गुरुदासनं साबणाच्या हातानं डोळे पुसले. "वाट लावलात," म्हणाला आणि नेसायला गेला.

मग विठोबा आत आला. तो राक्षस करतो. "माका खंय मारतलात औंदा?" त्यानं विचारलं. "गेल्या वर्साक पायरेर मारलात, कंबर धरली माजी."

मी त्याला सांगितलं की या वेळी तू मरत नाहीस. राजा तुझ्या साखळदंडात आहे. राणी त्याला सोडवायला येते. तिचं धैर्य बघून तुला तुझी मेलेली आई आठवते आणि तू रडतोस. राक्षसाच्या डोळ्यांतलं पाणी गोड निघतं, त्यानं विहिरी भरतात.

विठोबा उठून उभा राहिला. "माका रडूचो पार्ट! जन्मात पयलोच! घरच्यांका बोलवक व्हया." तो गेला.

शेवटी हरिश्चंद्र आत आला. त्याला मी राजाचा भाग सांगितला. मणिध्वज दूरच्या बेटावरून गोड्या पाण्याचा कलश घेऊन बैराग्याच्या वेशात परततो. बघतो तर राणीनं आपल्या हातानं क्षारासुराचा वध केलेला. तो तिला ओळख न देता तिची स्तुती करतो, आणि आवाजावरून ती त्याला ओळखते.

"बरा आसा," हरिश्चंद्र म्हणाला. "साधा आसा, पण बरा आसा." त्यानं माझ्या गुडघ्याला हात लावून नमस्कार केला आणि आरशाकडे गेला.

मी त्या खुर्चीत बसून राहिलो, समाधानानं. आपण एकच गोष्ट तीन बाजूंनी सांगितली असं मला वाटत होतं. प्रत्येकाला सांगताना ती मला स्पष्ट दिसत होती. फक्त दर वेळी मी दुसरीकडे उभा होतो आणि मधली वाट चालून आलो नव्हतो, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

संध्याकाळी मला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. हाताच्या लाकडी खुर्च्या एकमेकींना चिकटवून लावलेल्या, समोर सतरंजीवर बसलेली मुलं, मागे सगळा कट्टा बाजार. अध्यक्षांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि मांडीवर नारळ दिला. त्या जागेवरून उठायचं तर सगळ्यांना उठवावं लागलं असतं.

पूर्वार्ध छान गेला. मणिध्वज होडीत बसून गेला, लोकांनी टाळ्या दिल्या. मग गुरुदास विधवा झाला. बांगड्या फुटल्या, बायका पदरानं डोळे पुसू लागल्या. त्यानं विहिरीचं पाणी चाखलं आणि गायला सुरुवात केली की नाथ माझा झरा झाला. मला स्वतःला हुंदका आला.

तेवढ्यात विठोबा गर्जत आला. "राणी तरंगावती! तुझा पती माझ्या साखळदंडात आहे!"

पहिल्यांदा मला वाटलं, विठोबा चुकला. मग ते वाक्य माझ्या ओळखीचं वाटलं. ते वाक्य मी दुपारी जसं म्हटलं होतं तसंच होतं.

गुरुदास दचकला, पण शब्द मोडायचा नाही. "दुष्टा!" तो म्हणाला, "त्यांचा देह सागरात आहे. तू बांधलास तो त्यांचा आत्मा!"

"होय!" विठोबा म्हणाला. "आत्माच!" आणि ठरल्याप्रमाणे तो रडायला लागला. जन्मातला पहिलाच रडायचा पार्ट, त्यानं जीव ओतला. तो रडत असतानाच आतून बैराग्याचं पद ऐकू आलं आणि हरिश्चंद्र कलश घेऊन बाहेर पडला.

"धन्य, राणी! या क्षारासुराचा वध करून तू—" तो थांबला. क्षारासुर समोर बसून नाक पुसत होता.

पखवाज थांबला. मागून कुणीतरी ओरडलं, "मेलो खंय तो? रडता मरे!" आणि हशा उसळला.

त्या हशात हरिश्चंद्रानं एकदा, अगदी क्षणभर, माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीच्या हातांना धरून बसलो होतो. हार गळ्यात, नारळ मांडीवर, उजवीकडे अध्यक्ष, डावीकडे सरपंच. मला उठून ओरडायचं होतं, थांबा, पडदा धरा, गोष्ट अशी आहे. पण गोष्ट कशी आहे? मी मनात शोधायला लागलो आणि मला दिसलं ते समोर दिसत होतं तेच. तिघे तीन दिशांनी आलेले, तिघेही खरे आणि कुणाला कुणाची वाट ठाऊक नाही. त्यांनी पदरचा एक शब्द घातला नव्हता. माझं डोकं मुकुट आणि शालू घालून बत्तीच्या उजेडात उभं होतं आणि अख्खा बाजार ते बघत होता.

पुढे त्यांनी ते ओढून नेलं. हरिश्चंद्र म्हणाला, "अरे, हे तर मेलेल्या राक्षसाचं भूत!" विठोबा म्हणाला, "आणि तू बुडालेल्या राजाचं!" गुरुदास दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाला, "म्हणजे या राज्यात जिवंत मी एकटीच? मग स्वयंपाक कुणासाठी करून ठेवलाय?" बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. शेवटी दोन भुतांनी आणि राणीनं कलशातलं पाणी वाटून घेतलं आणि आरती झाली. सरपंचांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मी मागच्या खोलीत गेलो. माफी कशी मागायची ते जुळवत होतो. गुरुदासनं मला बघताच दागिने तसेच ठेवून मिठी मारली.

"आबानू! असो डाव टाकतत?"

"खंयचो डाव?"

"आमका एकेकाक वेगळा सांगलात!" विठोबा म्हणाला. "माका वाटला, माजाच चुकला. घाम फुटलो माका!"

हरिश्चंद्र अंगातला झगा काढत होता. त्याच्या तोंडावरचा रंग हसून हसून फुटला होता. "आमच्या रीतीतच आमका अडकवलात," तो म्हणाला. "माज्या बापाशीक पण असा सुचूक नसता. तुमी बोलणत नाय, पण डोक्या मात्र—"

"हरिश्चंद्रा, ता मुद्दाम नाय केलंय," मी म्हणालो. "माका गोष्ट सांगूकच जमली नाय."

सगळे पुन्हा हसले. "बघा," गुरुदास म्हणाला, "हेका म्हणतत मोठो माणूस."

आयुष्यभर मी हळू आवाजात, खाली बघून बोलत आलो. त्यामुळे खरं सांगितलं तरी तो माझा विनय ठरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिश्चंद्र घरी आला. पद्मावतीनं चहा ठेवला. देवगडच्या बाजूची एक जत्रा ठरली होती आणि तिथल्या लोकांच्या कानावर कालचा खेळ गेला होता.

"पण काल झाला तसा परत होवचा नाय," तो म्हणाला. "काल आमी खरेच भियालेलो, म्हणान ता जमला. आता ठाऊक आसा, आता सोंग होतला. म्हणान म्हटला, तुमच्या मनात मूळ गोष्ट काय होती ती सांगा. ती करूया. एकदाच सांगूची रीत आसा, पण ह्या टायमाक मोडूया."

"मी काल तुका खरा सांगलंय—"

"ता कळला, ता कळला. आता सांगा."

आतल्या खोलीत संगणक होता. त्याची तार मी पहाटेच काढून टाकली होती, आणि तरी माझा कान तिकडे होता, जणू तिथून कुणी हाक मारणार आहे. मी डोळे मिटले. मे महिना आठवला, मचूळ पाणी आठवलं. एवढं मी बरोबर धरलं. "क्षारासुर नावाचा राक्षस," मी म्हणालो, "सगळ्या विहिरी खारट करतो."

"हां."

"मणिध्वज होडीत बसतो."

"बसता."

होडी निघाली. समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे असतात, तिथे एक बंदर असतं, मोती असतात. मी परत किनाऱ्यावर आलो. होडी पुन्हा काढली. राजा बुडाला. राजा बांधला गेला. राजा परत आला. यातलं एकही ते नव्हतं. विहिरीवर दिसलं होतं ते याहून साधं होतं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. एकच होतं, आणि एकातून पुढचं निघत होतं. ते शेवटापर्यंत दिसलं म्हणून तर मी कळशी खाली ठेवली होती.

"मगे?" हरिश्चंद्र म्हणाला.

"थांब. परत सुरवातीपासना सांगतंय."

मी तीनदा होडी काढली. चहा गार झाला. पद्मावती दारात येऊन उभी राहिली. नेहमीसारखं काहीतरी बोलेल असं वाटलं, पण ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि गार कप उचलून आत गेली.

हरिश्चंद्रानं मांडी बदलली. डोळ्यांच्या कडांना कालचं काजळ अजून राहिलेलं होतं. लहान मूल बसतं तसा तो ऐकायला बसला होता, अगदी निःशंक.

"सावकाश सांगा, आबानू," तो म्हणाला. "माका खंय जावचा नाय."

मी घसा साफ केला. "क्षारासुर नावाचा राक्षस," मी म्हणालो.